तुम्ही विचारलंत म्हणून: निवडून आल्यावर पक्ष बदलावा का?

माझ्याकडे नागरिकशास्त्र शिकलेली पहिल्या तुकड्यांमधली मुलं आता पन्नाशीकडे झुकली. कुणी वकील झालं, कुणी साखर कारखान्यात आहे, कुणी पुण्याला. लग्नकार्यात भेटतात, कराडच्या स्टँडवर भेटतात, प्रीतिसंगमावर संध्याकाळी फिरायला गेलो की भेटतात. घरचं विचारून झालं की विषय तिथेच येतो. "सर, निवडून आलेल्या माणसाला मुदत संपायच्या आत पक्ष बदलायला परवानगी असावी का? हो की नाही तेवढं सांगा." २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेत बंड झालं, त्यानंतर हे इतक्या जणांनी विचारलंय की एकदा सगळं लिहूनच काढतो.

पक्ष बदलायची परवानगी असावी. निवडून आलेली जागा बरोबर घेऊन जायची नसावी. पक्ष सोडला की त्याच दिवशी राजीनामा द्यायचा, आणि पुन्हा आमदार व्हायचं असेल तर त्याच मतदारांपुढे नव्या चिन्हावर उभं राहायचं.

पक्षांतरावर सरसकट बंदी घाला म्हणणारेही मला भेटतात. त्यांचा राग मी समजू शकतो, पण त्यांचं म्हणणं मला पटत नाही. पक्षही बदलतात. ज्या धोरणासाठी माणूस पक्षात गेला तेच धोरण पक्षाने सोडलं, तर त्याने पाच वर्षं तोंड मिटून बसावं, असं कुठल्या लोकशाहीने सांगितलंय? १९४८ साली समाजवादी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली, तेव्हा आचार्य नरेंद्र देव आणि त्यांचे सहकारी उत्तर प्रदेशाच्या विधानसभेत काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आलेले होते. राजीनामा द्या, असं त्यांना कुठलाच कायदा सांगत नव्हता. तरी त्यांनी राजीनामे दिले, पोटनिवडणुकीला उभे राहिले, आणि खुद्द नरेंद्र देव फैजाबादेत पडले. एवढा मोठा विद्वान, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग भोगलेला माणूस, पण लोकांनी नाही म्हटलं तर त्याने ते मान्य केलं. वर्गात हा प्रसंग सांगताना माझा आवाज दर वर्षी भरून यायचा.

आपल्याकडेही तशी उदाहरणं आहेत. २००५ साली नारायण राणे शिवसेनेतून बाहेर पडले, त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला आणि मालवणची पोटनिवडणूक काँग्रेसच्या चिन्हावर लढवली. सेनेच्या उमेदवाराची अनामत रक्कम जप्त होईल इतक्या मतांनी ते जिंकले. नाना पटोले यांनी २०१७ च्या डिसेंबरात भाजप सोडताना भंडारा-गोंदियाची खासदारकीही सोडली. या माणसांचं राजकारण तुम्हाला आवडो न आवडो, जागेच्या बाबतीत ते सरळ वागले.

आणि साताऱ्याची २०१९ ची पोटनिवडणूक तर मी मतदान केंद्रात बसून पाहिली आहे.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्याकडे लोकसभेचं मतदान झालं. उदयनराजे भोसले राष्ट्रवादीकडून सव्वा लाखाच्या फरकाने निवडून आले. सप्टेंबरात त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि ते भाजपमध्ये गेले. पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच, २१ ऑक्टोबरला ठेवली. शिक्षक म्हणून मला केंद्राध्यक्षाची ड्युटी लागली, पाटण तालुक्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. दोन निवडणुका एकाच खोलीत घ्यायच्या, म्हणजे सगळं दुप्पट. मतदान यंत्रांचे दोन संच, दोन व्हीव्हीपॅट, सकाळी यंत्र तपासायचं अभिरूप मतदान दोनदा, मतदार नोंदवह्या दोन. लोकसभेची मतपत्रिका पांढरी आणि विधानसभेची गुलाबी, म्हणून आम्ही टेबलांवर त्याच रंगांचे कागद चिकटवले होते. आदल्या दिवसांत पाऊस झालेला, व्हरांड्यात चिखल, लोक चपला काढून आत येत होते.

दुपारच्या सुमाराला एक आजी आल्या. बोटाला शाई लावून घेतली आणि दोन मशिनी बघून तिथेच थांबल्या. "खासदार तर उन्हाळ्यात दिलता की," म्हणाल्या. खोलीत सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी बसलेले. मला एका अक्षराने कुणाची बाजू दिसेल असं बोलता येत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "परत विचारलंय, आजी." त्यांनी मान हलवली, पहिल्या मशिनीकडे गेल्या, पुठ्ठ्याच्या आडोशामागे बराच वेळ उभ्या राहिल्या. बीप वाजला. मग दुसऱ्या मशिनीचा बीप लगेच वाजला. विधानसभेला त्यांना विचार करावा लागला नाही, लोकसभेला लागला. त्यांनी कुणाला मत दिलं हे मला ठाऊक नाही, आणि ते असू नयेच. पण एका खासदाराच्या पक्षांतरावर त्या डोंगराळ गावातली एक म्हातारी बाई स्वतः विचार करून निकाल देत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझं जे मत आहे ते पुस्तकातून कमी आणि त्या खोलीतून जास्त आलं आहे.

निकाल सगळ्यांना माहीत आहे. राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील ८७ हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. पुढचं मात्र सांगताना लोक विसरतात. २०२४ मध्ये तेच उदयनराजे, त्याच नव्या पक्षाच्या चिन्हावर, त्याच साताऱ्यातून लोकसभेवर गेले. एकदा लोकांनी नाही म्हटलं, पाच वर्षांनी हो म्हटलं. दोन्ही वेळा विचारलं गेलं, म्हणून दोन्ही निकालांना मान आहे.

आता कायद्याकडे येतो, कारण "सर, पक्षांतरबंदी कायदा आहे ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

१९६७ च्या निवडणुकीनंतर देशभर सरकारं पडायला लागली. हरियाणातल्या गया लाल नावाच्या आमदारांनी पंधरा दिवसांत तीनदा बाजू बदलली आणि 'आयाराम गयाराम' हे शब्द तेव्हापासून आपल्या तोंडात बसले. लोकसभेने समिती नेमायला सांगितलं. त्या समितीचे अध्यक्ष आमच्या कराडचे यशवंतराव चव्हाण, तेव्हा देशाचे गृहमंत्री. जयप्रकाश नारायण, हृदयनाथ कुंझरू, मोतीलाल सेटलवाड अशी माणसं तिच्यात होती. १९६९ च्या अहवालातला एक आकडा मी दर वर्षी फळ्यावर लिहायचो: पक्षांतर केलेल्या २१० आमदारांपैकी ११६ जणांना, त्यांनीच आणलेल्या सरकारांत मंत्रिपदं मिळाली होती. निम्म्याहून जास्त. म्हणून समितीने म्हटलं की पक्षांतर केलेल्याला ठरावीक काळ, किंवा तो पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्री करू नये, आणि मंत्रिमंडळाच्या आकारालाही मर्यादा घालावी.

कराडचा माणूस म्हणून इथे एक गोष्ट लपवणार नाही. स्वतः यशवंतराव १९८० साली साताऱ्यातून इंदिरा गांधींच्या विरोधातल्या काँग्रेसकडून निवडून आले आणि त्याच मुदतीत इंदिराजींच्या पक्षात परतले. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. तरीही माझं मत असं की त्यांनी तेव्हा राजीनामा देऊन सातारकरांना विचारायला हवं होतं. नियम आपल्या माणसाला लागू करता येत नसेल तर तो दुसऱ्यांना सांगायचा हक्क आपल्याला राहत नाही.

कायदा व्हायला १९८५ उजाडलं. राजीव गांधींच्या सरकारने बावन्नावी घटनादुरुस्ती केली आणि राज्यघटनेला दहावी अनुसूची जोडली. स्वेच्छेने पक्ष सोडला किंवा व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाणार. पण त्याच अनुसूचीत एक वाट ठेवली: एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' मानायची, मग कुणी अपात्र नाही. दोन तृतीयांश गेले तर 'विलीनीकरण'. हा भाग दहावीच्या वर्गाला पहिल्यांदा समजावून सांगितला तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, एकट्याने केलं तर चूक आणि सगळ्यांनी मिळून केलं तर बरोबर, असं कसं?" मी तिला काय उत्तर देणार? माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं आणि आजही नाही. सगळ्या कायद्याची दुखरी जागा तिने एका वाक्यात दाखवली होती. एखादा आमदार तत्त्वासाठी एकटाच बाहेर पडला तर त्याची आमदारकी जाते. तत्त्वासाठी माणूस बहुधा एकटाच बाहेर पडतो. गट जमवायला वेळ लागतो, पैसा लागतो, पुढच्या पदांचे शब्द द्यावे लागतात. म्हणजे ज्या देवाणघेवाणीला कायदा आळा घालायला निघाला होता, ती केल्याशिवाय कायद्याचं संरक्षणच मिळत नाही.

२००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने एक तृतीयांशची वाट बंद केली. मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांपर्यंतच ठेवायचं हेही त्याच दुरुस्तीत आलं. दोन तृतीयांशची वाट मात्र उघडी राहिली, आणि ती कुठे जाते हे पाहायचं तर गोव्याकडे पाहा. चाळीस आमदारांची विधानसभा, पक्षाचे आमदार दहा-पंधरा, त्यांचे दोन तृतीयांश जमवायला कितीसा वेळ लागतो? २०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले. विरोधी पक्षनेते चंद्रकांत कवळेकर त्यांच्यात होते, ते उपमुख्यमंत्री झाले. काँग्रेस पक्ष पणजीत होता तसाच होता, त्याचं कशातही विलीनीकरण झालेलं नव्हतं. तरी सभापतींनी ते विलीनीकरण मानलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही तो निर्णय कायम ठेवला. पुढच्या निवडणुकीआधी, जानेवारी २०२२ मध्ये, काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात नेऊन पक्षनिष्ठेची शपथ दिली. निवडून आलेल्या अकरापैकी आठ जण त्याच वर्षी १४ सप्टेंबरला भाजपमध्ये गेले. माझे एक स्नेही मडगावला असतात. ते फोनवर म्हणाले, "आता मत देताना माणूस बघू की चिन्ह बघू, तेच कळत नाही." त्यांच्या आवाजातली निराशा मला अजून आठवते.

महाराष्ट्राचं काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं: सुरत, गुवाहाटी, गोवा, आणि ३० जून २०२२ ला नवा शपथविधी. पण खरा धडा त्यानंतरच्या तारखांमध्ये आहे. एकनाथ शिंदे यांच्यासोबत शिवसेनेचे चाळीस आमदार गेले. ते दुसऱ्या पक्षात गेले नाहीत, आम्हीच मूळ पक्ष आहोत असं म्हणाले. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि धनुष्यबाण त्यांना दिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ ला राज्यपालांचा बहुमत चाचणीचा निर्णय चुकीचा ठरवला, शिंदे गटाच्या प्रतोदाला, म्हणजे व्हिप काढणाऱ्या आमदाराला, दिलेली मान्यता बेकायदेशीर ठरवली, पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही असं सांगितलं आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे सोपवला. तो निर्णय आला १० जानेवारी २०२४ ला. कुणीच अपात्र नाही, ना या बाजूचं ना त्या बाजूचं. राष्ट्रवादीचंही तसंच. अजित पवार यांचा शपथविधी २ जुलै २०२३ चा, अध्यक्षांचा निर्णय १५ फेब्रुवारी २०२४ चा, अपात्र कुणीही नाही.

कुठली सेना खरी आणि कुठली राष्ट्रवादी खरी, यावर माझ्या घरातच दोन मतं आहेत. त्यात मी पडत नाही. माझं म्हणणं वेळेबद्दल आहे. पाच वर्षांच्या मुदतीतलं दीड वर्ष, एखादा आमदार आमदार आहे की नाही हे ठरण्यातच जात असेल, तर त्या काळात त्याने दिलेल्या मतांचं काय? मंजूर झालेल्या अर्थसंकल्पाचं काय? सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सांगितलं होतं की विशेष कारण नसेल तर अध्यक्षांनी तीन महिन्यांत निर्णय द्यावा, आणि हे काम अध्यक्षांकडून काढून कायमस्वरूपी न्यायाधिकरणाकडे देण्याचा संसदेने विचार करावा. अध्यक्ष कितीही सज्जन असला तरी तो एका पक्षाच्या तिकिटावर आलेला असतो, आणि बहुमत ज्यांच्याकडे त्यांच्या पाठिंब्यावर त्याचं पद टिकतं. त्याला हा न्याय करायला लावणं त्याच्यावरही अन्याय आहे.

इतकं सांगितल्यावर कुणीतरी म्हणतं, मग कायदा अजून कडक करा. इथे मी थांबवतो. कायदा एका बाजूला ढिला आहे, पण दुसऱ्या बाजूला नको तितका कडक आहे. आज व्हिप कुठल्याही विधेयकावर निघू शकतो. समजा पाटणच्या आमदाराला वाटलं की सरकारचं एखादं विधेयक कोयनेच्या धरणग्रस्तांच्या मुळावर येणारं आहे. पक्षाने व्हिप काढला असेल तर त्याने विरोधात मत दिलं किंवा तो गैरहजर राहिला, आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर त्याच्यावर अपात्रतेची टांगती तलवार. अशाने आमदार हात वर करण्यापुरताच उरतो. १९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सुचवलं होतं की व्हिप मोडल्याची शिक्षा विश्वासदर्शक किंवा अविश्वास ठरावासारख्या मतदानापुरतीच ठेवावी. मला ते पूर्ण पटतं, त्यात फार तर अर्थसंकल्प धरावा. बाकी वेळी आमदाराला पक्षात राहून पक्षाविरुद्ध मत देता आलं पाहिजे. ते देता आलं तर पक्ष सोडायची वेळच कमी वेळा येईल.

नगरपालिका आणि महापालिकांसाठी महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे, १९८६ चा. तिथली तऱ्हा तुम्ही जवळून पाहता. निकाल लागला की गटनोंदणीची धावपळ, आणि महापौराची निवड आली की नगरसेवकांना 'सहलीला' नेतात; नगराध्यक्षही नगरसेवकच निवडायचे तेव्हा तिथेही हेच. एका गावातल्या नव्या नगरसेविकेच्या घरी मी त्या काळात गेलो होतो. त्यांची मुलगी बारावीला. आईचा फोन चार दिवस बंद, कुठे आहे ते घरातही माहीत नाही. ती मुलगी मला विचारत होती की आई परत कधी येईल. निवडून आलेल्या बाईला असं कोंडून ठेवावं लागतं, कारण मोकळी सोडली तर दुसरं कुणी घेऊन जाईल अशी सगळ्यांची खात्री असते. ही खात्रीच मला सगळ्यात जास्त छळते.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला खर्चाचा: दर पक्षांतराला पोटनिवडणूक परवडेल का? पोटनिवडणुकीचं काम मी केलं आहे, तिला किती माणसं आणि किती गाड्या लागतात हे मला माहीत आहे. पण राजीनामा सक्तीचा झाला तर पक्षांतरंच कमी होतील. पुन्हा निवडून येण्याची खात्री नसलेला माणूस जागेवरून हलणार नाही. मात्र नुसता राजीनामा पुरेसा नाही, हेही मान्य करतो. २०१९ मध्ये कर्नाटकात सतरा आमदार अपात्र ठरले, त्यांतले काही आमच्या सीमेलगतचे, अथणी, कागवाड, गोकाकचे. डिसेंबरात पंधरा जागांची पोटनिवडणूक झाली, भाजपने बारा जिंकल्या, आणि निवडून आलेल्यांतले बरेच जण लगेच मंत्री झाले. म्हणून पक्षांतर करून पुन्हा निवडून आलेल्याला त्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत मंत्रिपद नको. यशवंतरावांच्या समितीपेक्षा हे एक पाऊल पुढे आहे, पण ११६ चा तो आकडा पाहिल्यावर मला दुसरा इलाज दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तो आमदारच करतात. "मतदारसंघाच्या विकासासाठी गेलो. विरोधात राहिलो तर निधी मिळत नाही." मी हे खोटं म्हणणार नाही. आमदार निधी सगळ्यांना असतो, पण रस्ते, पूल, उपसा सिंचनाची मंजुरी, जिल्हा नियोजनाचे पैसे यांत पालकमंत्र्यांच्या मर्जीला वजन असतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. ज्या गावाने विरोधी उमेदवाराला मत दिलं त्या गावाचा रस्ता अडतो. तेव्हा त्या आमदाराला मी विचारतो, की हा अन्याय तुम्ही सभागृहात उभं राहून का नाही मांडलात? तुम्ही गेलात, तुमच्या तालुक्याचा रस्ता झाला, शेजारच्या तालुक्याचं काय? निधी लोकसंख्येवर आणि गरजेवर वाटला जावा, त्याचं वाटप जाहीर व्हावं, यासाठी भांडणं हेच विरोधी आमदाराचं काम होतं.

हे होणार कसं, ज्यांना फायदा आहे तेच कायदा बदलतील का, असं निराशेने विचारणाऱ्यांना मी २००३ ची आठवण देतो. एक तृतीयांशच्या सवलतीचा फायदा जवळपास सगळ्या पक्षांनी घेतला होता, तरी त्याच पक्षांच्या खासदारांनी ती काढून टाकली. दोन तृतीयांशची सवलत दहाव्या अनुसूचीच्या चौथ्या परिच्छेदात आहे. तो परिच्छेद वगळावा, आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरणाने तीन महिन्यांत द्यावा, असं पत्र मी आमच्या खासदारांना पाठवलं आहे. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी आपापल्या मतदारसंघात तेच पत्र दिलं. मसुदा मराठीत एका पानाचा आहे. कुणाला हवा असेल तर घेऊन जा, आणि तुमच्या भागातल्या एखाद्या पक्षांतराची नावं आणि तारखा त्यात घालून तुमच्या खासदारांना द्या, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत.